औषध खोटं नव्हतं

माझी मोठी बहीण माझ्या प्रयोगशाळेत एकदाच आली. आम्ही तिला आक्का म्हणायचो. ती आणि दाजी नारायणगडाहून परत निघाले होते. बीडला एसटी बदलायची होती. मधल्या वेळात आक्काच्या मनात आलं, धाकटी एवढी वर्षं काय शिकतेय ते एकदा डोळ्यांनी बघावं. दाजी कॉलेजच्या फाटकाजवळ चहाच्या टपरीवर थांबले. आक्का जिना चढून वर आली आणि तिनं दारात चपला काढल्या. "राहू दे, इथं चालतात चपला," असं मी म्हणेपर्यंत ती अनवाणी आत आली होती. कपाळाला बुक्का, हातात प्रसादाची पिशवी.

"हीच का तुपली मशीन?"

"हीच."

"मला वाटलं, गिरणीएवढी असंल."

मी मशीनवरची नळी सोडवून तिच्या तळहातावर ठेवली. करंगळीएवढी, जाड पोलादाची. माझं सगळं संशोधन त्या नळीच्या आत होतं, मशीनमध्ये नव्हतं. मशीन फक्त पंपानं द्रव दाबून नळीतून ढकलायचं आणि पलीकडे काय बाहेर पडतंय ते पडद्यावर रेघ काढून दाखवायचं. मिसळलेल्या गोष्टी वेगळ्या करण्याचं काम नळीचं.

बाजारात मिळणाऱ्या नळ्यांमध्ये पिठासारखे बारीक कण ठासून भरलेले असतात. लहान रेणूंना ते चालतं. पण रक्तातली प्रथिनं अवाढव्य असतात. कणांच्या छिद्रांत ती रेंगाळत शिरतात, रेंगाळत बाहेर येतात, आणि घाई केली तर दाब चढतो. आम्ही कण भरतच नव्हतो. दोन-तीन पातळ द्रव एकत्र करून नळीत ओतायचे, नळीची तोंडं बंद करायची आणि गरम पाण्यात ठेवायची. आत सगळं मिळून एकच पांढरा दांडा तयार होतो, आणि त्याला आरपार छिद्रं असतात. द्रव त्या छिद्रांतून सरळ वाहतो आणि मोठे रेणू त्याच्यासोबत वाहत जातात. आक्काला मी एवढंच सांगितलं, की अनारशाला जाळी पडते ना, तशी जाळी पाडायची असते.

"आन न्हाई पडली मग?"

"मग फेकून द्यायचं."

"लई फेकती का?"

"लई."

ती एवढ्या मोठ्यानं हसली की शेजारच्या टेबलावरच्या दोघांनी वळून बघितलं.

ती नळी कशासाठी, हेही तिनं विचारलं. मी सांगितलं, साप चावल्यावर जे इंजेक्शन देतात ते घोड्याच्या रक्तापासून करतात. घोड्याला थोडंथोडं विष टोचत गेलं की त्याच्या रक्तात त्या विषाला धरून निकामी करणारे प्रतिपिंड तयार होतात. पण औषधात त्यांच्यासोबत घोड्याची इतर प्रथिनंही थोडीफार राहून जातात. ती आपल्या कामाची नसतात, उलट कुणाकुणाच्या अंगाला सोसत नाहीत. माझ्या नळीनं ती नको असलेली प्रथिनं धरून ठेवायची आणि प्रतिपिंड तेवढे पुढे जाऊ द्यायचे.

"घोड्याचं रगत मानसाच्या अंगात," आक्का म्हणाली, "आन मानसाला ते चालतं व्हय?"

"बहुतेकांना चालतं."

तिनं नळी माझ्या हातात परत दिली, प्रसाद दिला, आणि खालून दाजींनी हाक मारली तशी निघाली.

आमच्या घरातली सगळी माणसं ऊस तोडणारी. शिरूर कासारच्या भागात आमचं गाव. दिवाळी झाली की निम्म्याहून जास्त गाव कुलपं लावून जातं आणि उन्हाळा लागला की परत येतं. मी आत्याकडे राहून शिकले म्हणून सुटले. आक्का थोरली, ती मायसोबत लहानपणापासून फडात. लग्नही तोडणाऱ्या घरातच झालं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशी आमच्याकडची मोजणी, आणि आक्का-दाजींचा कोयता टोळीत नावाजलेला होता. ते दोघं दरवर्षी लांबच्या कारखान्याला जायचे. त्या वर्षी मात्र तिच्या सासूला पक्षाघात झाला होता आणि पोरगी तिच्यापाशी घरीच राहणार होती. घर जवळ पडावं म्हणून त्यांनी जिल्ह्यातलाच ऊस धरला. कडा गावाच्या अलीकडे एका शिवारात त्यांच्या टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, पडल्या.

त्या हिवाळ्यात माझं काम फसत चाललं होतं. एक नळी चांगली यायची आणि तिच्या मागच्या सगळ्या वाया जायच्या. द्रव तोच, माप तेच, पण मधेच वीज जायची, गरम पाणी निवायचं आणि जाळी बदलायची. कधी दांडा आक्रसून पोलादापासून सुटायचा. मग द्रव दांड्यातून जायचाच नाही, कडेनं पळायचा. बंधाऱ्याच्या कडेनं पाणी पाझरावं तसा. वरून सगळं ठीक, दाबही ठीक, आणि पडद्यावर नुसता चिखल. माझे मार्गदर्शक निवृत्तीला आलेले एक शांत गृहस्थ होते. त्यांना आम्ही सगळे सर म्हणायचो. हा विषय त्यांनीच निवडला होता. "आपल्या जिल्ह्यात जे लागतं ते आपणच नको का करायला?" एवढंच त्यांचं कारण. ते कधी रागावले नाहीत. फुटका दांडा दाखवला की तो बोटांत फिरवत म्हणायचे, "पुन्हा."

एका सकाळी मी अशीच एक नळी धूत होते तेव्हा दाजींचा फोन आला. त्यांचा आवाज मी आधी ओळखलाच नाही.

"तुझ्या आक्काला पान लागलं."

आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत. मोळी बांधायला तिनं पाचटाखाली हात घातला आणि उजव्या हाताला चावा बसला. दाजींनी साप बघितला होता. घोणस. अंगावर साखळीसारखे ठिपके आणि कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. टोळीतल्या एकानं लगेच मोटारसायकल काढली. कुणी मांत्रिकाकडे नेलं नाही, कुणी जखम कापली नाही, दोरी आवळली नाही. मी नंतर पुष्कळ लोकांना हे पुन्हापुन्हा सांगितलं, कारण प्रत्येकाला कुठेतरी आमची चूक ऐकायची होती. चूक झाली नव्हती. आक्का वेळेत वाटेवरच्या सरकारी दवाखान्यात पोचली होती.

मी मिळेल त्या गाडीनं तिथं गेले. आक्का खाटेवर बसूनच होती. हात कोपरापर्यंत सुजून काळानिळा पडला होता आणि बांगड्या कापून काढलेल्या होत्या. ती तोंड मिटून घेत होती, कारण हिरड्यांतून रक्त येत होतं आणि ते आम्हाला दिसू नये असं तिला वाटत होतं.

तिथल्या डॉक्टर वयानं माझ्याएवढ्याच होत्या. त्यांनी आक्काचं थोडं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "हलवू नका." वीस मिनिटांनी त्यांनी ती नळी आडवी केली. रक्त गोठायला हवं होतं. ते चहासारखं एका बाजूनं दुसऱ्या बाजूला वाहत गेलं. दाजी मला विचारत होते, "काय झालं? काय म्हनतेत?" मला कळलं होतं. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची ताकद संपवतं.

मग बाटल्या आल्या. पांढऱ्या भुकटीच्या छोट्या बाटल्या. त्यात पाणी घालून हळूहळू फिरवायचं, फेस येऊ द्यायचा नाही. हे मी कॉलेजात मुदत संपलेल्या बाटल्यांवर कितीतरी वेळा केलं होतं. तिथल्या सिस्टर तेच करत होत्या आणि मी भिंतीला टेकून त्यांच्या हातांकडे बघत होते. बाटलीत काय काय आहे हे त्या खोलीत बहुधा मला एकटीलाच रेघेरेघेनं माहीत होतं, आणि त्या माहितीचा त्या घडीला कुणालाही काही उपयोग नव्हता.

औषध चढायला लागलं. थोड्याच वेळात आक्का म्हणाली, "खाजवतंय लई." गळ्यावर गांधी उठल्या. मग ती थरथर कापायला लागली, दातावर दात वाजायला लागले, आणि डॉक्टरबाई धावत येऊन त्यांनी सलाईन बंद केलं. रक्तदाब खाली गेला होता. त्यांनी दुसरं इंजेक्शन दिलं, पाय वर करायला लावले, आणि दाजींना बाहेर जायला सांगितलं. आक्काला परकी प्रथिनं सोसली नव्हती. मी जे निवडून काढायला निघाले होते ते माझ्या बहिणीच्या अंगात होतं.

तिचं अंग शांत झाल्यावर बाईंनी औषध पुन्हा सुरू केलं, अगदी थेंबाथेंबानं. त्या स्वतः खाटेशी स्टूल घेऊन बसल्या. आक्कानं मला जवळ बोलावलं.

"हेच का गं ते घोड्याचं?"

"हेच."

"तरीच लाथा मारतंय," ती म्हणाली आणि तिला हसू आलं. हसताना तिचे लाल झालेले दात दिसले.

संध्याकाळी तिला बीडच्या मोठ्या दवाखान्यात हलवलं. तिथं आणखी बाटल्या चढल्या. दुसऱ्या दिवशी काचेच्या नळीतलं रक्त एकदाचं गोठलं आणि माय देवाला हात जोडत बसली. पण लघवी बंद झाली होती. जी काही थोडी झाली ती कोकमाच्या पाण्यासारखी. मूत्रपिंडं गेली होती. तिला डायलिसिसच्या मशीनला लावलं. तिथंही एक पंप होता, नळ्या होत्या, आणि नळ्यांतून माझ्या बहिणीचं रक्त गाळून परत जात होतं. मला त्या खोलीत उभं राहवेना.

शेवटचे दोन दिवस ती ओळखत नव्हती. मला ती मुकादमीण समजून म्हणायची, "आमचा ट्रक आधी भरा, पोरगी एकलीच हाय घरी." आठवडाभरानं दुपारच्या वेळी ती गेली. मायनं रडायच्या आधी तिची साडी नीट केली.

दहाव्याला दाजी मला घराच्या मागच्या बाजूला घेऊन गेले. पत्र्याच्या न्हाणीपाशी उभं राहून त्यांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढली. आत ओलसर फडकं, त्याच्या आत एक छोटी बाटली. पाणी घालून विरघळवलेली, पण न चढवलेली. आक्काचं अंग कापायला लागलं तेव्हा ती तशीच टेबलावर राहिली होती आणि दाजींनी ती उचलली होती.

"औषध उन्हानं खराब होतं म्हने," ते म्हणाले. "म्हून कड्याच्या कोल्ड्रिंकवाल्याच्या फ्रिजात ठिवली व्हती. आज सकाळी जाऊन आनली. तुझ्या मशिनीत बघ. ह्यात औषध न्हाईच. असतं तर ती मेली नसती."

मी बाटली घेतली.

त्यांच्या मनात हे कुणी भरवलं ते मला तासाभरातच कळलं. त्या भागातले एक मोठे बागाईतदार, ज्यांना सगळे मालक म्हणायचे, ते सांत्वनाला आले. निवडणुका तोंडावर होत्या. मायपुढे हात जोडून झाल्यावर ते माझ्याकडे वळले.

"ताई, तुमी आमच्या भागाची शान. एवढं शिकलात. आमी दवाखान्यापुढं बसनार हावोत. तुमी फक्त कॅमेऱ्यापुढं दोन वाक्यं बोला. बाटलीत औषध न्हवतं, एवढंच."

"अजून तपासलं नाही मी."

"तपासा की. कोन नको म्हनतंय? पर निकाल काय येनार ते आमाला ठावं हाय." ते उठताना दाजींच्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "तिच्या जिवाचं चीज झालं पायजे."

दुसऱ्या दिवशी मी बाटली सरांच्या टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. सरांनी चष्मा काढला.

"आपल्या निकालाला कायद्यात किंमत नाही, हे माहीत आहे ना तुला?"

"मला कायद्यासाठी नको आहे, सर."

"मग कशासाठी?"

मी बाटली त्यांच्यापुढे सरकवली. ते उठून कपाटाकडे गेले आणि आमच्याकडची एकुलती एक चांगली नळी त्यांनी स्वतः मशीनला जोडली.

आधी आम्ही आमच्याकडच्या जुन्या बाटल्यांतलं औषध सोडलं, म्हणजे खरं औषध पडद्यावर कसं दिसतं ते समोर राहील. नेहमीसारखीच रेघ आली. प्रतिपिंड दांड्याला न चिकटता आरपार निघून गेले, त्यांचा एक उंच सुळका. मग द्रवातलं मीठ वाढवत नेलं तशी चिकटून बसलेली घोड्याची इतर प्रथिनं सुटत गेली, त्यांचे दोन-तीन बुटके उंचवटे. मग मी आक्काची बाटली घेतली. माझे हात स्थिर होते. कामाला लागले की ते स्थिर होतात, तेव्हाही झाले.

रेघ सपाट चालली होती. ती तशीच सपाट राहावी असं मला वाटत होतं. ते औषध खोटं निघायला हवं होतं मला. खोटं निघालं असतं तर सगळ्याला एक चेहरा आला असता, एक माणूस, एक कारखाना, कुणीतरी भुकटी भरणारा. मग रेघ उठली. उठत गेली, आणि इतर बाटल्यांच्या सुळक्याशी जाऊन भिडली.

"पुन्हा," मी म्हणाले. सर बाजूला झाले. पुन्हा तेच आलं. नळी धुऊन तिसऱ्यांदा केलं, तेव्हाही तेच. सुळका थोडा उतरला होता, पण तो औषध इतके दिवस विरघळलेलं राहिल्यामुळे. औषध अस्सल होतं.

सरांनी तिन्ही रेघा शेजारी लावून बघितल्या. मग म्हणाले, "एक लक्षात ठेव. ही नळी एवढंच सांगते की प्रतिपिंड आहेत. ते तिच्या अंगातल्या विषाला कितपत धरत होते, ते ही सांगत नाही. औषधासाठी विष काढतात ते बहुतेक दक्षिणेकडच्या सापांचं. मुलूख बदलला की घोणशीचं विषही थोडंफार बदलतं."

"म्हणजे औषध कमी पडलं?"

"असेल. नसेलही. आपल्याकडे ते बघायची सोय नाही."

मी गावी गेले तेव्हा दाजी ओट्यावर कोयत्याची धार बघत बसले होते. हंगाम संपला नव्हता, टोळी पुढच्या फडावर गेली होती, आणि ते एकटे मागे राहिले होते. माय आतून येऊन उंबऱ्यावर बसली.

"औषध खरं होतं दाजी," मी म्हणाले. "खोटं नव्हतं."

त्यांनी कोयता खाली ठेवला. "नीट बघितलं का?"

"तीनदा बघितलं."

"मग मेली कावून?"

मी सांगायला लागले. चाव्यात विष जास्त गेलं असेल. औषध चढताना अंगावर उठलं म्हणून मधे थांबावं लागलं. औषध आपल्याकडच्या सापाला पुरतं लागू पडलं नसेल. मूत्रपिंडावर आधीच परिणाम झाला असेल. मी बोलत होते आणि माझंच मला ऐकू येत होतं, असेल, असेल, असेल.

"एवढ्या कारनांनी मरतं व्हय मानूस?" दाजी म्हणाले. "एक सांग. एकच सांग मला."

"एक नाही सांगता येत."

"मग कशाला शिकलीस?"

माय म्हणाली, "तिला कावून बोलतूस बाबा? तिची बी बहीनच व्हती की." दाजी उठून निघून गेले. मायनं मला जेवायला वाढलं. तिनं निकालाबद्दल एक अक्षर विचारलं नाही, तेव्हा नाही आणि नंतरही नाही.

मी कॅमेऱ्यापुढे गेले नाही. मालकांना फोनवर सांगितलं तेव्हा ते आधी हसले. म्हणाले, "अहो, तुमीच म्हनता औषध पुरं पडलं न्हाई. तेवढंच बोला की मग." मी म्हणाले, पुरं पडलं नाही असं मी म्हटलेलं नाही, ते मला माहीत नाही. ते म्हणाले, "बरं बरं," आणि फोन ठेवला.

त्यांनी दुसरा माणूस उभा केला. त्या वाटेवरच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकापुढे मांडव पडला, आणि आम्ही कधी न पाहिलेला एक इसम कॅमेऱ्याला सांगत होता की बाटलीत खडूची भुकटी निघाली, तपासून घेतलंय. त्याच्या बाजूला दाजी उभे होते. खाली मान घालून. ती चित्रफीत प्रत्येकाच्या मोबाईलवर आली. मला आमच्या कॉलेजच्या शिपायानं दाखवली, त्याला माहीत नव्हतं की ती माझी बहीण.

मी त्या दवाखान्यात गेले. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना माझ्या रेघा दाखवल्या. त्यांनी त्या नीट बघितल्या, आभार मानले, आणि म्हणाले की बाहेरच्या प्रयोगशाळेत बघितलेलं त्यांना पुढे करता येणार नाही, चौकशी रीतसरच होईल. स्टूल घेऊन खाटेशी बसलेल्या त्या डॉक्टरबाई व्हरांड्यात भेटल्या. त्यांच्या गाडीची काच फोडली होती आणि त्यांनी बदली मागितली होती.

"तुमची बहीण इथून हलवेपर्यंत माझ्याशी चांगलं बोलत होती," त्या म्हणाल्या. "मला म्हणाली, तुम्ही जेवून घ्या बाई."

मला हे माहीत नव्हतं. मी तिथंच बाकावर बसले आणि आक्का गेल्यापासून पहिल्यांदा रडले.

चौकशीत काही निघालं नाही. तोवर मांडव उठून गेला होता, निवडणूकही झाली होती, आणि काही निघालं नाही हे सांगायला कुणी कॅमेरा आला नाही. खडूची भुकटी मात्र लोकांच्या डोक्यात राहिली. पुढच्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीवरच्या एका म्हातारीला घोणस चावली. तिच्या मुलांनी तो दवाखाना मुद्दाम सोडला. तिथं खडू देतात म्हणून तिला जीपमध्ये घालून लांबच्या खासगी दवाखान्यात निघाले. ती वाटेतच गेली. ही बातमी मायनं सांगितली. सांगून ती म्हणाली, "ती वाचली असती का गं?" मी म्हणाले, कदाचित. तो शब्द आता मलाच नकोसा झाला होता.

माझं संशोधन पुरं झालं. मोठ्या शहरातून परीक्षक आले. त्यांनी काम चांगलं आहे म्हटलं, आणि विचारलं की दोन नळ्या हुबेहूब एकसारख्या करता येतात का. मी म्हणाले, दहातल्या तीन-चार जमतात. ते म्हणाले, औषधाच्या कारखान्याला दहाच्या दहा लागतात. खरं होतं. सर निवृत्त झाले. मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते आणि मोकळ्या वेळात अजून नळ्या करते. वीज गेली तरी पाणी तापलेलं राहील अशी सोय केली आहे. तरी दांडे आक्रसतात. एखाद्या दिवशी एवढं मन लावून केलेली नळी पंपाला जोडते आणि द्रव कडेनं पळताना दिसतो, तेव्हा मी खुर्चीत नुसती बसून राहते.

दाजी पुढच्या हंगामापासून त्याच भागात तोडीला जायला लागले. एकट्या माणसाचा अर्धा कोयता, म्हणून धाकट्या भावाला सोबत घेतलं. पोरगी मायकडे राहिली. तिला भेटायला दाजी यायचे, पण मी असले की अंगणातूनच परत जायचे. मीही मग जायच्या आधी मायला विचारून घ्यायचे, ते आहेत का.

यंदा थंडीत भर दुपारी माझा तास चालू असताना त्यांचा फोन आला. मी वर्गाबाहेर आले. वाऱ्याचा आवाज येत होता, माणसांचा गलका येत होता.

"भावाला पान लागलं," दाजी म्हणाले. "पायाला. घोनसच हाय, म्या बघितली. समदी म्हनतेत त्या दवाखान्यात नको, दुसरीकडं न्या. जीप आलीय." मग आवाज खाली आला. "तिथलं औषध खरं हाय का?"

"खरं आहे," मी म्हणाले. "तिथंच न्या. आत्ता. पाय हलवू देऊ नका, बांधू नका, कापू नका."

"तू बघितलं व्हतंस ना?"

"तीनदा बघितलं होतं दाजी."

पलीकडून ते कुणावर तरी ओरडले, "बस बे गाडीत, तिथंच जायचंय," आणि फोन बंद झाला.

मी वर्गात परत गेले. काय शिकवत होते ते आठवेना, म्हणून मुलांना वाचत बसायला सांगितलं. तास संपला, दुसरा झाला. मी दाजींना फोन केला नाही. मी सांगितलेलं या वेळी पुरं पडलं नाही तर, हाच विचार डोक्यात होता. औषध तेच होतं, घोडे तेच, साप आमच्याच मुलखातले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांचाच फोन आला.

"रगत गोठलं," दाजी म्हणाले. "लघवी बी चालू हाय. वाचला म्हनतेत."

"बरं झालं."

"त्याच्या बी अंगाला खाज सुटलती. थंडी वाजलती. बाईनं थांबवून पुन्हा लावलं." मग म्हणाले, "ही बाई दुसरी हाय."

"हो. त्यांची बदली झाली."

मागे दवाखान्यातली भांडी वाजत होती. आक्काचं नाव त्यांनी काढलं नाही, मीही काढलं नाही. मग ते म्हणाले, त्याला च्या पायजे म्हनतोय, बघतो कुठं मिळतो का, आणि फोन ठेवला.